आत्रेयीची वाट

‘काका, रागावूं नका, पण तिला तुम्ही शिकवूं नका.’

२०१८ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घराच्या ओटीवर हें वाक्य उच्चारलें गेलें. बोलणारा माझा पुतण्या बाळू, आणि ‘ती’ म्हणजे त्याची नऊ वर्षांची मुलगी, माझी नात. ज्या गृहस्थानें अडतीस वर्षें पांचवी ते सातवीच्या मुलांना मराठी शिकविलें, ज्याच्या ओटीवर ‘मास्तर, आमच्या पोराकडे जरा पाहा’ असें म्हणून गांवांतील लोक आपलीं मुलें आणून बसवीत, त्याला त्याच्याच हाताखालीं शिकलेल्या पुतण्यानें असें सांगावें, याचें मला प्रथम दुःख झालें. राग आला, असें म्हटलें तर अधिक खरें होईल. परंतु बोलतांना त्याचा स्वर चढला नव्हता. मान खालीं होती, आणि पुढ्यांतील पणतीची वात तो उगाच पुढें सारीत होता. त्यामुळें रागावण्यासही जागा उरली नाहीं. मीं ‘बरें’ म्हटलें आणि मी उठून आंत गेलों.

त्या ‘बरें’च्या मागें काय काय होतें तें येथें सांगावयाचें आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें असतील. एखाद्या घरीं मजसारखा मास्तरही असेल. घरांतला मास्तर हें मुलांच्या दृष्टीनें दुहेरी संकट असतें; शाळा सुटली तरी तो सुटत नाहीं.

आमचें घर कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं. आम्ही दोघे बंधु, चूल एक. वडील याज्ञिकी करीत. मी मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि १९७७ सालीं गांवच्याच शाळेंत लागलों, तो २०१५ सालीं निवृत्त झालों. संस्कृत वडिलांपाशीं आणि पुढें गांवांतील एका शास्त्रीबोवांपाशीं झालें. बाळू हा धाकट्या बंधूचा मुलगा, १९७५ चा जन्म. आठव्या वर्षीं मुंज झाली आणि वडिलांनीं त्याला संथा देण्यास आरंभ केला. पुरुषसूक्त झालें, रुद्र झाला, सर्व स्वरांसह. वडील म्हणत, मागून हा म्हणे, आणि तिसऱ्या दिवशीं ऋचा पक्की. ‘माझ्यामागें या घरांत वेद राहिला तर या पोरापाशीं राहील,’ असें वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

१९८५ च्या जूनमध्यें हाच मुलगा माझ्या पांचवीच्या वर्गांत येऊन बसला. वर्गांत ५८ मुलें. पहिल्या आठवड्यांत त्याची वही पाहिली तेव्हां ती दुसऱ्या कोणाची असावी असें मला वाटलें. ‘घ’चा ‘ध’ झालेला, ‘भ’चा ‘म’. जोडाक्षर आलें कीं त्यांतील एक अक्षर गळालेलें. वेलांट्या वाटेल त्या बाजूस. रफार कधीं अलीकडे, कधीं पलीकडे, कधीं मुळींच नाहीं. पुस्तकांतील चार ओळी वाचावयास सांगितल्या तर त्याच्या कपाळावर घाम येई. बरें, तोच धडा दुसऱ्यानें वाचतांना ऐकला असला कीं घडाघडा सांगे. त्यामुळें माझी अशी समजूत झाली कीं, याला येतें सारें, पण करावयाचें नाहीं. माझें अनुमान मोठें तर्कशुद्ध होतें. ज्याला ऋचेंतला स्वरित चुकत नाहीं त्याला ह्रस्वदीर्घ चुकण्याचें कारण एकच असूं शकतें, तें म्हणजे आळस. तर्कसंग्रह मुखोद्गत असलेल्या माणसाला स्वतःचा हेत्वाभास ओळखतां येऊं नये, यापरतें नवल नाहीं.

एके दिवशीं शुद्धलेखनाच्या तासाला तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘गुरुजी, ‘मार्ग’ म्हणतांना र आधीं येतो आणि ग मागून येतो. मग लिहितांना र हा गच्या डोक्यावर कां बसवायचा? आणि ‘किती’ म्हणतांना आधीं क म्हणतों, तर वेलांटी कच्या आधीं कां काढायची?’

वर्ग हंसला. मला वाटलें, हा घरचा म्हणून चढून बसला आहे. मीं त्याला पुढें बोलावून तळहातावर चार छड्या दिल्या आणि ‘मार्ग’ हा शब्द शंभर वेळां लिहून आणावयास सांगितला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आणला. शंभर वेळां लिहिला होता, मोजून. पण त्यांत तो शब्द सहा निरनिराळ्या प्रकारांनीं होता. ही आपली चेष्टा आहे असें ठरवून मीं पुनः शिक्षा केली. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर बाळूची आई स्वयंपाकघराच्या दारांत पदर सांवरून उभी राहिली. तिनें माझ्याशीं आपण होऊन बोलण्याचा प्रसंग क्वचितच येई. ‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘त्याला मारा. तुमचा अधिकार आहे. पण वर्गांत सगळ्यांसमोर नका मारूं.’ मीं काय उत्तर दिलें तें मला आठवत नाहीं. बहुधा कांहींच दिलें नसावें.

पुढचें थोडक्यांत सांगतों. सातवीपर्यंत मीं त्याला ओढला, आठवी कशीबशी झाली, आणि १९९० सालीं तो नववींत नापास झाला. निकाल घेऊन धाकटा बंधु मजकडे आला. मीं त्याला भवभूति ऐकविला. उत्तररामचरितांतील तो श्लोक संस्कृत जाणणाऱ्या प्रत्येक मास्तराला पाठ असतो: गुरु हा हुशारास आणि मंदास सारखीच विद्या देतो, ग्रहणशक्ति तो कोणाला देत नाहीं, कोणाची काढूनही घेत नाहीं, तरीही फळ फार निराळें पडतें, कारण प्रतिबिंब स्वच्छ रत्नांत उमटतें, मातीच्या ढेकळांत उमटत नाहीं. बंधु ऐकून घेऊन उठून गेला. स्वतःच्या मुलाला सख्ख्या भावानें माती म्हटल्यावर बापानें काय बोलावें? बाळूनें पुढें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वायरमनचा अभ्यासक्रम केला, आणि आज त्याचें विजेच्या मोटारी पुनः गुंडाळून देण्याचें दुकान चांगलें चालतें. परंतु हें सांगून माझें ओझें हलकें होत नाहीं. दुकान त्यानें चालविलें आहे, मीं नव्हे.

माझे डोळे अर्धवट उघडले ते १९९४ सालीं, एका परक्या मुलीमुळें. ती सहावींत होती. हांक मारली तर ओ देत नसे. सर्वजण तिला मठ्ठ म्हणत. एकदां मी तिच्या डाव्या बाजूस उभा राहून बोललों तेव्हां ती चटकन् वळली, आणि मला शंका आली कीं हिला उजव्या कानानें ऐकूं येत नसावें. तिच्या आजीला विचारलें तेव्हां लहानपणीं कान वाहत असल्याचें कळलें. मीं तिची जागा बदलून तिला पुढच्या बांकावर अशी बसविली कीं माझा आवाज डाव्या कानाकडे यावा. मग आणखी एक गोष्ट ध्यानीं आली. फळ्याकडे तोंड करून लिहितां लिहितां बोलण्याची मला संवय होती. तेवढा वेळ ती माझ्या ओठांकडे पाहूं शकत नसे, आणि तेवढें सारें तिचें बुडे. आधीं लिहावें, मग वळून बोलावें, एवढाच बदल होता. चार महिन्यांत ती वर्गांतील पहिल्या दहांत आली.

यानंतर मी वर्गाकडे निराळ्या रीतीनें पाहूं लागलों. वाड्यावस्त्यांवरून येणारीं मुलें ‘पानी’, ‘लोनी’ लिहीत. त्यावर मीं वर्षानुवर्षें तांबड्या शाईचा सडा घातला होता. मग लक्षांत आलें कीं तीं मुलें अगदीं प्रामाणिकपणें लिहितात. घरीं जसें बोलतात, तसेंच. त्यांची चूक घरच्या बोलीची, आणि ती पुस्तकी उच्चार कानांवर पडला कीं सुटते. आपल्या समाजांत ‘ण’ बरोबर आला कीं बुद्धि आहे असें मानण्याची जी खोड आहे, तिनें किती मुलांना मागच्या बांकांवर नेऊन बसविलें असेल! अक्षरांत अक्षर घोटाळणारीं मुलें मात्र निराळीं. त्यांना मी अर्धाच उतारा लिहावयास देऊं लागलों, एका आठवड्यांत एकाच प्रकारची चूक दाखवूं लागलों, आणि चांचणीचे प्रश्न साऱ्या वर्गाला मोठ्यानें वाचून दाखवूं लागलों, म्हणजे कोणालाच वेगळें काढल्यासारखें होऊं नये. कांहीं प्रयोग फसलेही. हुशार मुलाच्या शेजारीं मंद मुलगा बसविला तर हुशार मुलगा सारें स्वतःच करी आणि दुसरा त्याच्या पेन्सिलींना टोंक करून देई.

यावर एका सोबत्यानें शिक्षकांच्या खोलींत मला सुनावलें, ‘मास्तर, तुम्ही वर्गांत पंक्तिप्रपंच करतां.’

हा शब्द फार लागला. आपल्या घरांत पंक्तिप्रपंचाएवढें पाप दुसरें नाहीं. एकाच पंगतींत एकाच्या पानावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानावर थेंब, हें माझ्या आजीनें सांडग्याएवढ्या गोष्टींतही होऊं दिलें नसतें. मी तो दिवसभर विचार करीत राहिलों, आणि सायंकाळीं घरच्याच पंगतीकडे पाहतांना उत्तर सांपडलें. आजोबांचे दांत गेल्यापासून त्यांच्या पानावर पोळी दुधांत कुसकरून येई. चुलत्यांना मधुमेह होता. त्यांना जिलबीऐवजीं काकडीची कोशिंबीर जास्त वाढीत. बाळंतिणीला आळिवाची खीर. मुंजीच्या बटूला पहिला घांस आईच्या हातचा. यांतल्या एकालाही कोणी पंक्तिप्रपंच म्हटलें नाहीं. सर्वांना एकाच वेळीं, एकाच मानानें बसविलें आहे आणि कोणीही उपाशी उठत नाहीं, याचें नांव पंगत. आजोबांपुढें अखंड पोळी ठेवून ‘सर्वांना सारखें वाढलें’ म्हणणारी सून आपण घरांत ठेवून घेतली असती काय? सोबत्याला मीं हें सांगितलें. तो म्हणाला, ‘घरीं पंधरा पानें असतात, वर्गांत साठ आहेत.’ हें मात्र त्याचें खरें होतें, आणि त्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. साठ मुलांत एकट्या मास्तरानें कितीही केलें तरी दहाबारा पानें रिकामीं राहतातच.

आतां वाचक विचारतील कीं, हें सर्व सुचलें तेव्हां घरांतला पुतण्या कां आठवला नाहीं? तें मीही स्वतःला विचारतों. परक्या मुलीचा कान मला दिसला, कारण तिच्याविषयीं मीं पूर्वीं कांहीं ठरवून ठेवलेलें नव्हतें. बाळूविषयींचा माझा निकाल लागून गेला होता. २००७ सालीं ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट आला. पुढें तो दूरदर्शन संचावर लागला तेव्हां घरांतील सर्वजण पाहत बसले होते. अर्ध्यांतून बाळू उठला आणि परसांत जाऊन उभा राहिला. मीं तें पाहिलें, आणि कांहीं विचारलें नाहीं.

२०१८ सालीं त्याच्या मुलीची तीच गत झाली: बोलण्यांत चतुर, वाचण्यांत अडखळणारी. तिच्या शाळेंतील बाई मात्र माझ्यापेक्षां शहाण्या. त्यांनीं वहीवर तांबडी शाई ओतली नाहीं. आईबापांना बोलावून तपासणी करून घ्यावयास सांगितलें. पुण्याच्या तज्ज्ञांनीं दोन दिवस निरनिराळ्या चांचण्या घेतल्या आणि सांगितलें कीं, बुद्धि उत्तम, परंतु वाचन-लेखन वयाच्या मानानें पुष्कळ मागें. यास डिस्लेक्सिया म्हणतात. ही दृष्टीची व्याधि नव्हे. उच्चारलेला शब्द निरनिराळ्या ध्वनींत फोडणें आणि प्रत्येक ध्वनीशीं त्याची खूण जोडणें, हें काम इतरांच्या मेंदूंत न कळत होतें. यांना तें फार कष्टानें करावें लागतें. हें पुष्कळदां घराण्यांत चालत येतें. २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यांत याचा समावेश झालेला आहे, आणि परीक्षेंत अशा मुलांना जादा वेळ व लेखनिक मिळूं शकतो. सुनेनें तो अहवाल ओटीवर मोठ्यानें वाचून दाखविला. ‘घराण्यांत चालत येतें’ या शब्दांशीं ती थबकली. बाळूनें माझ्याकडे पाहिलें. ‘काका, हें माझेंही होतें काय?’ मीं होय म्हटलें. त्यानंतरच त्यानें तें वाक्य उच्चारलें.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून उत्तररामचरित काढलें. तो श्लोक पाठ होता, पण तो कोण कोणास म्हणतें याकडे मीं कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें. दुसऱ्या अंकाच्या आरंभीं आत्रेयी नांवाची तापसी दंडकारण्यांत येते. वासंती ही वनदेवता तिला विचारते कीं, वाल्मीकीसारखा गुरु सोडून इतक्या दूर कां आलीस? आत्रेयी सांगते, तेथें कुश आणि लव आले आहेत. त्यांची बुद्धि इतकी प्रखर कीं त्यांच्या बरोबरीनें आमच्यासारख्यांना शिकणें होत नाहीं. आणि मग ती तो श्लोक म्हणते. म्हणजे कवीनें हे शब्द गुरूच्या तोंडीं घातलेलेच नाहींत. ते वर्ग सोडून निघालेल्या विद्यार्थिनीचे आहेत. ती गुरूला यत्किंचितही दोष देत नाहीं. आपण माती असें म्हणून घेते आणि अरण्यांतून चालूं लागते. पण ती चालली आहे कशाला? अगस्त्यादि ऋषींपाशीं वेदान्त शिकावयाला! मातीचें ढेंकूळ वेदान्त शिकावयाला जात नसतें. आम्हीं मास्तरांनीं तो श्लोक तिच्या तोंडून काढून आपल्या तोंडीं घेतला, आणि कमरेवर हात ठेवून मोकळे झालों. बाळूनेंही मला तोंवर कधीं दोष दिला नव्हता.

नातीला शिकविण्यासाठीं आठवड्यांतून दोनदां एक विशेष शिक्षिका येऊं लागल्या. मी खिडकीशीं बसून ऐकत असें. त्या ताटांत रवा पसरून मुलीला त्यांत बोटानें अक्षर काढावयास लावीत, आणि काढतांना त्याचा ध्वनि मोठ्यानें म्हणावयास सांगत. आमच्या आजोबांच्या पिढीनें धुळाक्षरें अशींच धूळपाटीवर गिरविलीं होतीं. एकदां त्या बाईंनीं मला एक जुनी हकीकत सांगितली. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन नांवाच्या इंग्लिश डॉक्टरानें ब्रिटिश मेडिकल जर्नलांत एका चौदा वर्षांच्या मुलाविषयीं लिहिलें होतें. मुलगा बुद्धिमान, खेळांत चपळ. वाचन मात्र कांहीं केल्या येईना. त्याच्या मास्तराचें मत असें होतें कीं, सारें शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या मास्तराला १८९६ त जें दिसलें तें मला १९८५ त दिसलें नाहीं; आणि माझ्या घरांत तर तोंडी शिक्षण रोज सकाळीं देवघरासमोर चाललेलें होतें, विद्यार्थी पहिला येत होता!

२०१९ च्या पावसाळ्यांत सूनबाई आजारी होती. मुलीला परिसर अभ्यासाचा धडा वाचून दाखवावयास कोणी नव्हतें. बाळू दाराशीं येऊन म्हणाला, ‘काका, नुसतें वाचून दाखवाल? विचारूं कांहीं नका.’ मीं नुसतें वाचून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं पुनः. तें पुढें चालूं राहिलें. मुलीनें २०२५ सालीं दहावीची परीक्षा दिली, जादा वेळ घेऊन, स्वतःच्या हातानें लिहून; तोंपर्यंत तिचीं इतिहास-भूगोलाचीं बहुतेक पुस्तकें माझ्या तोंडून तिच्या कानांत गेलीं. शिकविलें मीं नाहीं.

त्याच पावसाळ्यांत एके सायंकाळीं बाळू दुकानांतून आला तेव्हां मीं त्याला बसवून घेतलें आणि ‘मार्ग’ शब्दाचें उत्तर दिलें. जुन्या ब्राह्मी लिपींत जोडाक्षरें एकाखालीं एक रचीत. आधीं उच्चारावयाचें तें वर, मागून उच्चारावयाचें तें खालीं. म्हणून र हा गच्या डोक्यावर बसला तो योग्य क्रमानेंच बसला होता. पुढें बहुतेक जोडाक्षरें शेजारीं शेजारीं लिहिण्याचा प्रघात पडला. रफार मात्र जुन्या जागीं राहून गेला. इकाराची खूणही पूर्वीं अक्षराच्या माथ्यावर असे. कालांतरानें ऱ्हस्वाची शेपटी डावीकडून खालीं उतरली आणि दीर्घाची उजवीकडून. ‘तुझा प्रश्न लिपिशास्त्राचा होता,’ मीं म्हटलें. ‘त्या वर्गांत तसा प्रश्न दुसऱ्या कोणाला सुचला नव्हता. मलाही नाहीं.’

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग किंचित् हंसून म्हणाला, ‘प्रश्न मी विसरून गेलों होतों, काका. छड्या तेवढ्या लक्षांत आहेत.’

मीं मान हालविली. याला मी काय बोलणार होतों?

थोड्या वेळानें तो उठला, आंत जाऊन आला, आणि एक घडी केलेला कागदांचा जुडगा त्यानें माझ्यापुढें ठेवला. वीज कंपनीच्या ठेक्याच्या अटी होत्या, पांच पानें, बारीक छपाई. असले कागद आजवर तो सुनेकडून रात्रीं उशिरां वाचवून घेई. घरांत इतरांना कळूं देत नसे. ‘जरा वाचा,’ तो म्हणाला. मीं चष्मा लावला. दुसऱ्या पानावर आलों तेव्हां त्यानें हात वर करून मला थांबविलें आणि सातवी अट पुनः एकदां, सावकाश, वाचावयास सांगितली.